एकच नोंद तीनदा लिहिणाऱ्या सिस्टरबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात इस्पितळांतल्या संगणकीय नोंदींवर लेख आला होता. आपला अंक इंदूरला छापील येत नाही. मुलगी सकाळी मोबाइलवर उघडून देते आणि ती कामाला गेली की मी सावकाश वाचते. हा लेख दोनदा वाचला आणि दिवसभर अस्वस्थ राहिले. सॉफ्टवेअर आलं, मशीनं आली, पैसा खर्च झाला, तरी परिचारिका आणि निवासी डॉक्टर जुनी सवय सोडत नाहीत, त्यांची मानसिकता बदलायला हवी, असा लेखाचा एकूण सूर होता. लेखक अधिकाऱ्यांशी बोललेले दिसतात, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांशीही बोललेले दिसतात. एकाही वॉर्ड सिस्टरचं म्हणणं त्यात नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर माझ्याबद्दलचं कापा, सिस्टरांबद्दलचं ठेवा.

मी १९८९ ते २०२२ अशी ३३ वर्षं इंदूरच्या एका धर्मादाय इस्पितळाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम केलं. सगळे त्याला एमआरडी म्हणत. पेशंटला सुट्टी झाली की त्याची फाइल आमच्याकडे तळघरात येई. ती आम्ही पानोपान तपासायची. डिस्चार्ज समरीवर सही आहे का, ऑपरेशनची नोंद आहे का, संमतिपत्रावर नातेवाइकाचा अंगठा आहे का. काही राहिलं असेल तर चिठ्ठी लावून फाइल परत वॉर्डात, आणि मग त्या एका सहीसाठी डॉक्टरांच्या मागे चार-चार दिवस. पुरी झालेल्या फाइलला आजाराचा कोड द्यायचा, टॅग बांधायचा आणि रॅकवर लावायची. लावण्याची रीत शेवटच्या दोन आकड्यांवरून. २१४७०६ नंबरची फाइल ०६ च्या रॅकवर, तिथे ४७ च्या खणात, तिथे २१ वी. नव्या माणसाला हे उलटं वाटे, पण त्यामुळे रोजच्या नव्या फाइली सगळ्या रॅकांवर सारख्या वाटल्या जात, एकाच टोकाला गर्दी होत नसे. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, कागदाला कसर लागायची. डांबरगोळ्यांचा वास माझ्या साड्यांतून कधी गेला नाही.

१९९८ च्या जुलैमधली एक रात्र सांगते. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा दोन वाजून गेले होते. देपालपूरकडची एक बाई तापाने बेशुद्ध होऊन आली होती. सोबतचा मुलगा एवढंच सांगे की मागच्या खेपेला इथेच एक सुई दिली आणि आई जाता जाता वाचली. कुठली सुई, त्याला ठाऊक नव्हतं. पर्चा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, गावी राहिलेला. चौकीदाराने एमआरडी उघडून बघितलं, पण फाइल तिच्या जागेवर नव्हती. यजमान आणि मी पावसात लूनावरून लोकमान्य नगरातून निघालो. नंबराचे आकडे पुढे-मागे करून शोधत गेले आणि चाळीस मिनिटांनी फाइल सापडली, ४७ ऐवजी ७४ च्या खणात. ती लावली होती मीच. पहिल्या पानावर लाल शाईने ‘पेनिसिलिन’ लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा. बाई वाचली, कारण ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फाइलची वाट न बघता दुसऱ्या जातीचं औषध निवडलं होतं. त्या चाळीस मिनिटांनंतर कागदाबद्दल माझ्या मनात माया उरली नाही.

आणखी एक सांगते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. झाबुआ, आलीराजपूरहून माणसं बसने यायची, क्लेमसाठी, कोर्टासाठी, कधी नुसतं दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला. अर्ज द्यायला एक फेरी, कागद न्यायला दुसरी. दोन दिवसांची मजुरी बुडायची. त्या खिडकीत मी बसत होते, त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा मी कागदाची बाजू घेऊन लिहिते आहे असं कोणी समजू नये. नोंद संगणकावर असावी, चांगली असावी, मध्यरात्री एका बोटावर सापडावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ती वॉर्डात नीट का भरली जात नाही याचं खरं कारण छापून यायला हवं.

आमच्याकडे २०१३ मध्ये बिलिंग संगणकावर गेलं आणि २०१८ मध्ये वॉर्डातल्या नोंदी. तीस खाटांच्या फीमेल मेडिकल वॉर्डाला नर्सिंग स्टेशनवर एक मशीन दिलं. प्रशिक्षण एकदाच झालं, दुपारी तीन ते पाच, सभागृहात, पडद्यावर. नाइट करून आलेल्या मुलींना खुर्चीत झोप आवरत नव्हती. शिकवणारा मुलगा हुशार होता, पण त्याने दाखवलं ते सगळं ओपीडीचं. सलाईन चालू असलेल्या पेशंटचं इनटेक-आउटपुट, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं, ते कुठे भरायचं, असं एका सिस्टरने विचारलं. ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, असं उत्तर मिळालं.

आणि कागद बंद झाला नाही. सगळ्याचं मूळ इथे आहे. विमावाल्यांना सहीचा कागद हवा, कोर्टाला हवा, तपासणीला येणाऱ्यांना हवा, म्हणून तीन महिने दोन्ही चालू ठेवा असं ठरलं. मी निवृत्त झाले तेव्हाही काही वॉर्डांत दोन्ही चालूच होतं. ब्लड प्रेशर, नाडी, ताप, श्वास, ऑक्सिजन, असे एका पेशंटचे पाच आकडे. तीस खाटा म्हणजे एका फेरीचे १५० आकडे. ते आधी टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, मग पाळीच्या रिपोर्ट बुकात, मग मशीनवर. साडेचारशे झाले. फेरी दर चार तासांनी, आणि रात्री सिस्टर दोन. खाटेपाशी मशीन नाही, म्हणून आकडे आधी हातमोज्यावर किंवा चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून घ्यायचे ते वेगळंच. या मुली मोबाइलवरून घराचं भाडं भरतात, मुलांच्या शाळेचे फॉर्म भरतात, ड्यूटी बदलण्याचा अख्खा हिशेब व्हॉट्सॲपवर ठेवतात. त्यांना संगणकाची भीती आहे हे मला पटत नाही. त्यांना रात्र पुरत नाही.

आता वेळेची गोष्ट. मला ती सर्वांत जास्त खुपते.

एका सिस्टरने रात्री आठचं अँटिबायोटिक आठ वाजून पाच मिनिटांनी दिलं. चार्टवर वेळ टाकली, आद्याक्षरं केली. तेवढ्यात बारा नंबरच्या खाटेवरची आजी कोसळली. दोघी सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय सगळे तिकडे. आजीला आयसीयूत पोचवून, नातेवाइकांना समजावून ही मुलगी मशीनपाशी बसली तेव्हा दहा चाळीस झाले होते. तिने इंजेक्शन दिल्याची नोंद केली. मशीनने वेळ घेतली दहा चाळीसची, कारण त्या पडद्यावर औषध दिल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ असे दोन रकाने नव्हतेच, एकच होता आणि तो मशीन स्वतः भरत असे. महिनाअखेरीस उशिरा दिलेल्या औषधांची यादी निघाली. त्यात हिचं नाव लाल रंगात. चार्टवरचं आठ पाच कोणी उघडून बघितलं नाही. तिला मेमो मिळाला.

पुढे काय झालं ते मला तळघरात बसून दिसलं. सिस्टरांनी शहाणपणा केला. ड्यूटीवर आल्या आल्या, औषध द्यायच्या आधीच, सगळ्या पेशंटच्या सगळ्या डोसांवर ‘दिलं’ अशी खूण करून टाकायची. मग मशीन गप्प, यादीत नाव नाही. काही महिन्यांनी माझ्याकडे एका मृत पेशंटची फाइल आली. मृत्यू पहाटे सहा दहाला. मशीनमध्ये त्याच सकाळचा आठचा डोस ‘दिला’ म्हणून नोंदलेला. मी ती पानं घेऊन वरिष्ठांकडे गेले. मला त्या सिस्टरची तक्रार करायची नव्हती, पडद्यावर दुसरा रकाना हवा होता. तो आला, पण अकरा महिन्यांनी. तोवर त्या वॉर्डातली औषधाची एकही वेळ मी खरी मानायला तयार नव्हते, आणि वर बसलेली माणसं त्याच वेळांवरून तक्ते काढत होती. या मुलींनी खोटं लिहिलं हे खरं. त्यांना खोटं लिहायला कोणी शिकवलं, तेही कोणीतरी लिहायला हवं.

आता याच इमारतीतली पॅथॉलॉजी लॅब घ्या. तिथे दोन आठवड्यांत सगळे संगणकाचे झाले. आधी त्यांचा फोन दिवसभर वाजायचा, अमक्याचा क्रिएटिनिन आला का, तमक्याचं हिमोग्लोबिन किती. रिपोर्ट मशीनवर चढला की वॉर्डात दिसू लागला आणि फोन थांबला. लॅबमधले एक टेक्निशियन निवृत्तीला टेकलेले होते, त्यांनी त्याआधी कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. ते सगळ्यांत आधी शिकले. सिस्टर आणि ते, दोघंही याच शहरातले, सारख्याच पगारातले. फरक इतकाच की त्यांनी भरलेल्या आकड्याने त्यांचं स्वतःचं काम हलकं केलं, आणि सिस्टरने भरलेला आकडा वर कुठेतरी निघून गेला आणि परत आला तो मेमो होऊन.

डॉक्टरांविषयी थोडं. मालव्यातला पेशंट म्हणतो, ‘बहुत घबराहट हो री है.’ ही घबराहट म्हणजे काय हे इथे काम केलेल्यालाच कळतं. कधी छातीत धडधड, कधी दम लागणं, कधी साखर उतरलेली, कधी हार्ट अटॅकची सुरुवात, आणि कधी खरंच मनाची घालमेल. मेडिसिनचे आमचे एक जुने डॉक्टर पेशंटचे शब्द केस पेपरवर जसेच्या तसे हिंदीत लिहीत, आणि पुढे कंसात त्यांनी विचारून काढलेला अर्थ. पडद्यावर मात्र तक्रारींची तयार यादी आली, इंग्रजीतली. तीत घबराहटीला सगळ्यांत जवळचा शब्द दिसे अँग्झायटी. रात्री दोनला थकलेला रेसिडेंट तोच दाबणार. माझ्याकडे कोड द्यायला फाइल आली की मी अडायची. धडधडीचा कोड आर ००.२, चिंताविकाराचे एफ ४१ पासूनचे, आणि ईसीजीचा कागद भलतंच सांगतोय. पूर्वी मी केस पेपरावरचे ते हिंदी शब्द वाचून ठरवू शकत होते. नंतर वाचायला शब्दच उरले नाहीत.

आणि कालची नोंद आजवर चिकटवायची सोय. एका सर्जरीच्या पेशंटचे टाके काढून चार दिवस झालेले, तरी रोजच्या नोंदीत ‘टाके कोरडे, स्वच्छ’. डॉक्टर आळशी होते असं मी म्हणणार नाही, त्यांची सकाळ मी बघितली आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये ५७ डॉक्टरांच्या मागे राहून त्यांच्या कामाचा वेळ मोजला गेला होता. पेशंटसमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकात आणि टेबलावरच्या कामात जातात, असं त्यात निघालं. तिथे प्रत्येकापुढे स्वतःचं मशीन असतं. आमच्याकडे तिघांत एक, आणि लॉगिन व्हायला चहा निवेल इतका वेळ. म्हणून एकाचा पासवर्ड सगळे वापरत. मॉनिटरच्या कडेला ल्युकोप्लास्टच्या पट्टीवर तो लिहूनच ठेवलेला असे. अर्ध्या वॉर्डाच्या नोंदी एकाच रेसिडेंटच्या नावावर, त्यातल्या काही तो सुट्टीवर गावी गेला होता त्या दिवसांच्या. हे चुकीचं आहे, धोक्याचंही आहे, आणि त्यातले कित्येक पेशंट मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणारे, होते. पण दरवाजा इतका अरुंद ठेवला की माणसं खिडकीतूनच येणार.

बदल कशाने झाला तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसती गाऱ्हाणी घेऊन बसले असं होईल. २०१९ च्या अखेरीस नवीन नर्सिंग सुपरिंटेंडेंट आल्या. त्यांनी भाषण केलं नाही, परिपत्रक काढलं नाही. तीन रात्री त्या फीमेल मेडिकलमध्ये स्टुलावर बसून राहिल्या. तिसऱ्या सकाळी त्यांनी विचारलं, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, तुमच्या हातात काय असलं तर बरं पडेल? सिस्टरांना उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांना खाटेवार एक कागद हवा होता. नाव, आजार, ॲलर्जी, कोण उपाशी ठेवलाय, कुठली सलाईन कधी संपणार, कुठला रिपोर्ट यायचा आहे. रोज त्या हे सगळं डायरीच्या पानावर उतरवून घेत आणि त्यातच अर्धा तास जाई. बाईंनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागून तो कागद मशीनमधून काढून घेतला. आणि त्याच दिवशी त्या वॉर्डाचं रिपोर्ट बुक स्वतःच्या सहीने बंद केलं.

मशीनमध्ये नोंद नसेल तर कागदावर रकाना कोरा येई, आणि पुढच्या पाळीची सिस्टर विचारी, हे काय गं? कोणाला काही सांगावं लागलं नाही. महिना-दीड महिन्यात त्या वॉर्डाच्या फाइली माझ्याकडे पुऱ्या भरून येऊ लागल्या. माझ्या अपुऱ्या नोंदींच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्या वॉर्डापुरता निम्म्याहून कमी झाला. दुसऱ्या वॉर्डांच्या सिस्टर येऊन विचारू लागल्या की आम्हाला तो कागद कधी मिळणार. माणसं तीच होती, वय तेच होतं, मशीनसुद्धा तेच जुनं.

मग कोविड आला. एप्रिल २०२१ मध्ये इंदूरची काय दशा होती ते इथे राहिलेला कोणी विसरणार नाही. कोविड वॉर्डातला कागद बाहेर आणता येत नव्हता. सुरुवातीला आतली सिस्टर चार्ट काचेला लावून धरायची आणि बाहेरून डॉक्टर मोबाइलने फोटो काढायचे. पीपीई किटमध्ये, घामाने भिजलेल्या, चष्म्यावर वाफ आलेल्या अवस्थेत आकडे लिहायचे आणि काचेपाशी हात वर करून उभं राहायचं. मग आत एक मशीन गेलं. बाहेर बसलेल्या डॉक्टरांना ऑक्सिजनचा आकडा दिसू लागला, घरच्यांना फोनवर काय सांगायचं ते कळू लागलं. ज्या दोघी सिस्टर २०१८ मध्ये संगणकावर सगळ्यांत जास्त चिडलेल्या होत्या, त्यांनीच दुसऱ्या मशीनसाठी अर्ज दिला. तो अर्ज मी वाचला आहे. त्यात एकच ओळ होती, एका मशीनवर रांग लागते.

कर्मचाऱ्यांच्या मनात आणखी एक धाकधूक असते, तिलाही मी फालतू म्हणणार नाही. उद्या हे सगळं उघडलंच नाही तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सची संगणक व्यवस्था सायबर हल्ल्याने बंद पडली आणि पुढचे कित्येक दिवस नोंदणीपासून तपासण्यांपर्यंत सगळं हाताने करावं लागलं. देशातल्या इतक्या नावाजलेल्या इस्पितळाची ही गत. आमच्याकडे तर हल्ल्याचीही गरज पडली नाही. २०१३ चं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, २०१८ चं दुसऱ्या. जुन्यातलं नव्यात आणता येत नाही असं सांगण्यात आलं. पाच वर्षांच्या नोंदी एका जुन्या मशीनमध्ये राहिल्या, ते मशीन स्टोअरमध्ये, आणि एके दिवशी ते चालूच होईना.

माझे आजोबा होळकर सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या हातचे मोडीतले कागद आमच्याकडे अजून पेटीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण घरात मोडी वाचणारं आता कोणी नाही. त्या बंद मशीनपुढे उभी असताना मला ती पेटी आठवली. आजोबांचे कागद वाचायला निदान मोडीचा जाणकार शोधता येईल. यासाठी कोणाकडे जायचं? म्हणून एका सॉफ्टवेअरची नोंद दुसऱ्याला वाचता आली पाहिजे, ही अट खरेदीच्या कागदावर पहिल्या ओळीत हवी. केंद्र सरकारने संगणकीय आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. ती आहेत. खरेदी करणाऱ्यांनी ती उघडून बघावीत.

आभा क्रमांकाबद्दल, म्हणजे आरोग्य नोंदींसाठीच्या प्रत्येकाच्या क्रमांकाबद्दल, आपल्या लेखात बरंच होतं. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि प्रत्येकाला १४ आकडी क्रमांक मिळू लागला. याचं मी मनापासून स्वागत करते, आणि त्याचं कारण ‘चौहान’ हे आडनाव आहे. इंग्रजीत ते तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. खिडकीवर बसलेल्याने आज एक तऱ्हा लिहिली, उद्या दुसऱ्याने दुसरी, की एकाच माणसाच्या दोन फाइली. एकीत मधुमेह, दुसरीत नाही. कायमचा एक क्रमांक असेल तर हे थांबेल. पण आधारवरून तो काढायचा तर ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि म्हातारीचा आधार जोडलाय मुलाच्या नंबराला, आणि मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टवर, जिथे फोन बाहेर ठेवावा लागतो. मागे पन्नास माणसांची रांग. खिडकीवरची मुलगी अशा वेळी क्रमांक न घेता पुढचा पर्चा फाडते. लेखात तिच्यावरही ठपका आहे. तिच्या बाजूला आणखी एक माणूस बसवा, फक्त या कामाला, आणि मग बघा.

आमच्या शहराबद्दलही लोक असंच म्हणायचे. इंदूरवाले ओला-सुका कचरा कधी वेगळा करणार नाहीत, सवयच नाही. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत गेलं. माझ्या गल्लीत कोणाचं मन आधी बदललं आणि मग कचरा वेगळा झाला, असं झालेलं मी बघितलं नाही. गाडी रोज सकाळी दारात येऊ लागली, तिच्यात ओल्याला वेगळा कप्पा होता, सुक्याला वेगळा. आणि कोपऱ्यावरची कचरापेटी उचलून नेली, म्हणजे दोन्हीकडे टाकायची सोय राहिली नाही. इस्पितळात गाडी आली, पण पेटी तशीच ठेवली.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे. अधिकाऱ्यांचं आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचं म्हणणं त्यांनी छापलं, आता एकदा रीतसर परवानगी काढून कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या जनरल वॉर्डात रात्री पावणेआठला जाऊन उभं राहावं. पाळी बदलताना. हातात घड्याळ ठेवावं आणि एका पेशंटचं ब्लड प्रेशर किती ठिकाणी लिहिलं जातं ते फक्त मोजावं. मग सकाळी आठपर्यंत थांबावं आणि सिस्टरला विचारावं की यातला कुठला कागद बंद केला तर तुझं काही अडणार नाही. माझ्या ओळखीच्या दोघी सिस्टर अजून नोकरीत आहेत, नाव छापणार नसाल तर बोलायला तयार आहेत. त्यांची नाइट पुढच्या पंधरवड्यात आहे. आपला माणूस येणार असेल तर मला आधी कळवा, मी त्यांना विचारून ठेवते.

माझंही नाव छापू नये. त्या इस्पितळात माझी माणसं आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त मेडिकल रेकॉर्ड कर्मचारी
लोकमान्य नगर, इंदूर